केशरी

आज टीबीचा सहा महिन्यांचा कोर्स संपला. शेवटचा रिपोर्ट घ्यायला दवाखान्यात गेलो, तर बाकावर विशीतला एक पोरगा, मास्कमागे पार रडवेला. यंत्रमागावर कामाला. हळूच म्हणाला, "काका, लघवी केशरी होतीय, रक्त जातंय का ओ?"

मला हसूच फुटलं. पहिल्याच आठवड्यात मीपण असाच बाथरूममधून बायकोला हाका मारल्या होत्या! टीबीच्या गोळ्यांतल्या रिफाम्पिसिन या औषधाचा रंग तो. डोळ्यातलं पाणीसुद्धा केशरी होतं. डॉक्टरांना विचारून घे म्हटलं, पण या रंगाला भिऊन गोळ्या सोडू नको.

मग कळलं, घरात त्याचं ताट वेगळं केलंय. नात्यातल्या एकांनी माझंही केलं होतं. (हा आजार हवेतून पसरतो, ताटवाटीतून नाही, पण सांगणार कुणाला!) बायको मात्र कडक भाकरी चुरून, वर दही-शेंगाचटणी घालून समोर बसायची. ताट रिकामं झाल्याशिवाय उठायची नाही. 43 किलोवरून 56 वर आलोय तो त्या भाकरीवर.

नव्या पेठेतून पावशेर शेंगाचटणी घेतली आणि परत जाऊन त्याच्या हातात दिली. पुडी हुंगून म्हणाला, "काका, पुढच्या वेळी भाकरी पण आणा की!"