सोलापूरचा उन्हाळा आणि पंचवीस अंशांचे तेल

चादरीच्या ताण्याला लावायच्या खळीची व्हिस्कॉसिटी, म्हणजे दाटपणा, मोजणे हे माझे रोजचे काम, आणि त्या मोजणीवर भरवसा ठेवता यावा म्हणून आमच्या छोट्या प्रयोगशाळेच्या कपाटात प्रमाणित तेलाची, म्हणजे व्हिस्कॉसिटी आधीच मोजून दिलेल्या तेलाची, एक बाटली असते. गेल्या एप्रिलमध्ये तिने मला चांगलेच गोंधळात टाकले. प्रमाणपत्रावर २५ अंश सेल्सिअसला ९८५ मिलिपास्कल-सेकंद असा आकडा होता आणि आमचे फिरत्या स्पिंडलचे यंत्र ८०० च्या आसपास घुटमळत होते. यंत्र दुरुस्तीला पाठवायचे म्हणून मी खोकेसुद्धा शोधून ठेवले. मग थर्मामीटर थेट तेलात बुडवला, तर पारा २८ वर!

तेलाचे भांडे ज्या ठरावीक तापमानाच्या पाण्यात ठेवतो, त्या वॉटर बाथची कळ २५ वरच होती. पण गच्चीवरच्या टाकीतून आलेले पाणी मुळातच तापलेले, आणि आमच्या बाथला फक्त हीटर आहे, थंड करण्याची सोय नाही. इतके दाट खनिज तेल एका अंशाला साधारण सात टक्क्यांनी पातळ होते, म्हणजे तीन अंशांत जवळजवळ पाचवा हिस्सा गेला. यंत्र बिचारे खरेच सांगत होते.

या बाटलीवरच्या आकड्याचे मूळ शेवटी साध्या पाण्यात आहे. २० अंशांना शुद्ध पाण्याची व्हिस्कॉसिटी १.००१६ मिलिपास्कल-सेकंद मानली जाते. त्यावरून काचेच्या केशनलिकेचा (अगदी बारीक नळीचा) स्थिरांक, म्हणजे वाहायला लागणाऱ्या वेळेवरून व्हिस्कॉसिटी काढायचा गुणक, ठरवतात, त्या नलिकेने थोडे दाट तेल मोजतात, त्या तेलाने पुढची रुंद नलिका, असे पायरीपायरीने वर चढत जातात. प्रत्येक पायरीला अनिश्चितता थोडी वाढते, म्हणून प्रमाणपत्रावरचा तो अधिक-उण्याचा आकडाही वाचायचा असतो. मी तो कित्येक वर्षे वाचलाच नव्हता.

खळीचे वागणे मात्र या तेलासारखे नाही. स्पिंडलचा वेग वाढवला की ती पातळ भासते, तेल तसे भासत नाही. त्यामुळे तेलाने फक्त यंत्र तपासले जाते. खळीचा आकडा लिहिताना स्पिंडलचा क्रमांक, वेग आणि तापमान सोबत लिहावेच लागते.

बाथमध्ये बर्फ टाकून पाहिला, पण तापमान ठरत नव्हते. प्रमाणपत्र पुन्हा उघडले तेव्हा त्याच तेलाचा ४० अंशांचा आकडाही तिथे छापलेला दिसला. आता मार्च ते जून आम्ही ४० अंशांनाच तपासणी करतो. तिथे हीटर पुरतो.