निंबस करायला गेले…

हॅरी पॉटरच्या पुस्तकांतला निंबस २००० हा उडायचा झाडू मी घरी करतेय. मागच्या नोंदीत दांडा सापडला होता, तिथून पुढे. टिंबर मार्केटमधून महोगनी म्हणून आणलेला तुकडा रंधा मारल्यावर भलताच फिकट निघाला, म्हणून आजीच्या पलंगाच्या मच्छरदाणीचा सागी दांडा घेतला. साडेचार फूट लांब, सव्वा इंच जाड, मुठीत झकास बसतो. ऐंशी, एकशेवीस आणि दोनशेवीस नंबरचा पॉलिश पेपर मारून झाला. चपड्याचे (लाखेच्या पॉलिशचे) सात हात द्यायचे होते, चौथ्याला पाऊस लागला आणि पॉलिश पांढुरकं पडलं. दमट हवेत चपडा असाच रुसतो. ऊन पडेपर्यंत थांबले, वरचा थर घासून काढला आणि पुन्हा सुरुवात केली. आता बरा दिसतोय.

बेत निंबस २०००चा होता. पहिल्या पुस्तकात त्याचं वर्णन जेमतेम एका वाक्याचं: महोगनीचा दांडा, नीटस सरळ काड्यांची लांब शेपटी, वरच्या टोकाशी सोनेरी अक्षरांत नाव. फायरबोल्ट या त्याहून भारी झाडूच्या वाटेला मुद्दामच गेले नाही. त्याच्या जाहिरातीत अॅशचा दांडा, बर्चची एकेक निवडक काडी आणि दहा सेकंदांत शून्यावरून ताशी १५० मैल असा मामला आहे. एका संध्याकाळी मी हिशोब मांडला. १५० मैल म्हणजे ताशी २४१ किलोमीटर. माझ्यासारखी पंचावन्न किलोची बाई त्यावर बसली, तर मागे ओढणारा जोर साधारण साडेसदतीस किलो वजनाइतका होतो. दहा सेकंद दोन हातांनी गव्हाचं पोतं धरून लोंबकळा, म्हणजे कल्पना येईल. बसायची सोय मात्र लेखिकेने लावून ठेवली आहे. क्विडिच या झाडूवर बसून खेळायच्या खेळाच्या इतिहासाचं जे छोटं पुस्तक २००१ साली आलं, त्यात गादी-मंत्राचा शोध १८२० सालचा दिला आहे. त्याआधीच्या उडणाऱ्यांचं काय झालं असेल ते ज्याने त्याने समजून घ्यावं.

खरी रड शेपटीची. आधी बाजारातून नारळाच्या हिरांचा खराटा आणला, सोडला आणि दांड्याभोवती तांब्याच्या तारेने बांधला. काड्या सरळ, नीटस, अगदी पुस्तकाबरहुकूम. पण लांबून बघितलं तर अंगण झाडायचा खराटाच, फक्त पॉलिश केलेला! आई म्हणाली, "अगं, एवढा चपडा फुकट घालवलास. आणि यावर पाय टाकून बसणार तू? लक्ष्मी असते ती." लक्ष्मीपूजनाला आमच्याकडे नवी केरसुणी पाटावर बसते, तिला हळदकुंकू लागतं. त्या घरात झाडूवर टांग टाकायचा विचारसुद्धा चोरून करावा लागतो. मी तिला सांगितलं की हा भिंतीवर टांगायचा आहे. तात्पुरती शांतता आहे.

दुसरा प्रयत्न तुराट्यांचा. मामाच्या शेतावर तूर झोडल्यावर उरलेल्या काड्यांची एक पेंढी माळ्यावर पडून होती. रंग छान, तपकिरी, टोकाला बारीक फाटे. वाकवताना मोडू नयेत म्हणून रात्रभर पाण्यात भिजवल्या आणि ओल्या असतानाच तारेने करकचून आवळल्या. ही चूक करू नका. वाळल्यावर काड्या आकसतात आणि तार सैल पडते. चार दिवसांनी सकाळी बघते तर निम्म्या काड्या मन मानेल त्या दिशेला तोंड करून उभ्या. गणपती करता करता मारुती झाला म्हणतात, तसं.

चिडून पुस्तक उघडलं, हॅरीच्या जादूच्या शाळेत उडायला शिकवणाऱ्या मॅडम हूचच्या तासाचं पान. हॅरीच्या पायाशी पहिल्यांदा जो झाडू येतो तो शाळेचा, जुना, काड्या वेड्यावाकड्या बाहेर आलेला. फ्रेड आणि जॉर्ज या जुळ्यांची त्या झाडूंबद्दल तक्रारच असते: काही फार उंच नेले की थरथरतात, काही सतत जरा डावीकडे जातात. म्हणजे माझ्या हातात निंबस नसला तरी पुस्तकातलाच झाडू होता.

हे इतक्या वेळा वाचून मला कधी खटकलं नव्हतं. हॅरी वर्गातल्या नेव्हिलच्या स्मरणगोळ्यामागे पन्नास फूट सूर मारतो तो या मोडक्या झाडूवर. मॅकगोनागलबाई ते बघतात, त्याला क्विडिच संघाच्या कप्तानासमोर, वुडसमोर, उभा करतात. गोष्टीला तिथेच वळण लागतं. सहा घुबडं निंबसचं लांबडं पार्सल घेऊन येतात ती त्यानंतर. आपण सगळे जीव टाकतो निंबस आणि फायरबोल्टवर, पण भारी झाडू गोष्टीत बहुतेकदा भानगडच घेऊन येतो. निंबसवर पहिल्याच सामन्यात क्विरल मास्तरची करणी होते. दुसऱ्या वर्षी हॅरीचा वैरी मॅल्फॉय, त्याचा बाप सात निंबस २००१ देऊन पोराला संघात घुसवतो. तिसऱ्या वर्षी निंबसचा चुरा होतो, नाताळला निनावी फायरबोल्ट येतो, मैत्रीण हर्मायनी मॅकगोनागलबाईंना सांगते आणि तिघांची मैत्री कित्येक आठवडे तुटते. पाठवणारा हॅरीचा धर्मपिता सिरियस होता हे कळायला वर्ष सरावं लागतं. त्या वर्षाआधीच्या उन्हाळ्यात हॅरी दुकानात जाऊन फायरबोल्टकडे जवळजवळ रोज बघून येतो, तिजोरीत सोनं असूनही विकत घेत नाही. ते मला फार आवडतं.

(चौथ्या भागातला हंगेरियन हॉर्नटेल हा ड्रॅगन अपवाद, मान्य. तिथे फायरबोल्टच जीव वाचवतो. आणि अम्ब्रिज या खडूस बाईंच्या खोलीतून साखळदंडासकट सुटून आलेले जुळ्यांचे झाडू विसरले नाहीये, त्यावर वेगळी नोंद लिहीन.)

तर बेत बदलला. तुराट्या सोडल्या, पूर्ण वाळू दिल्या. त्यातल्या फाटक्या पंधरा-वीस मुद्दाम बाहेरच्या बाजूला ठेवल्या आणि तारेऐवजी तेल लावलेल्या सुतळीने बांधल्या, तीन जागी. दांड्याचं चकचकीत पॉलिश दोनशेवीसच्या पेपरने मारून टाकलं. हात दुखले आणि जिवावरही आलं. हात धरायच्या जागी चहाच्या पाण्याचे दोन बोळे फिरवले, म्हणजे वर्षानुवर्षं पोरांनी धरल्यासारखा काळपट डाग पडतो. सोनेरी रंगाची बाटली उघडलीच नाही. टोकाला पांढऱ्या ऑइलपेंटने १७ आकडा टाकला, आमच्या शाळेच्या बाकांवर असायचा तसा. पुस्तकात असा आकडा नाही, तो माझा.

काल दोरीने छताला टांगून बघितला. दांडा मुळातच जरा वाकलेला असल्यामुळे शेपटी डावीकडे वळते. मधली सुतळी पुन्हा आवळावी लागेल, तेवढं रविवारी करते. डावीकडचं मात्र तसंच ठेवणार आहे.