मी सहावीत गेले

गेल्या पावसाळ्यात माझा डावा खांदा आखडला. पडले नाही, मार लागला नाही, काही नाही, एक दिवस ब्लाउजचं मागचं हूक लावायला हात मागे नेला आणि अशी कळ आली की डोळ्यात टचकन पाणी. महिनाभर मग बाम चोळ, शेकून बघ, शेजारच्या काकूंनी दिलेलं निर्गुडीचं तेल लाव, आणि कुणाला काही न बोलता पोळ्या लाटत रहा असं चालू होतं.

डॉक्टरांनी हात दोन-तीन बाजूंनी फिरवून बघितला आणि म्हणाले फ्रोझन शोल्डर, शुगर कधी तपासलीय? आता खांद्याचा आणि साखरेचा काय संबंध! पण आहे म्हणे, डायबेटिसवाल्यांना हे जास्त होतं. एचबीएवनसी नावाची रक्तातल्या साखरेची टेस्ट केली, आलं 7.2, आणि 6.5 पासूनच डायबेटिस धरतात. ही टेस्ट पक्की खडूस, साधारण गेल्या तीन महिन्यांचा हिशोब दाखवते, त्यामुळे "काल लग्नात जेवले हो" वगैरे चालत नाही.

फिजिओवाली पोरगी म्हणाली, भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा, थांबला की पेन्सिलने खूण करायची, आणि घाई नको, याला वर्ष-दोन वर्षंही लागतात. आमच्या हॉलच्या दाराशेजारी लेकीच्या उंचीच्या खुणा होत्याच, त्यांच्या बाजूलाच मी सुरू केलं. पहिल्या दिवशी ती चौथीत जेवढी होती तिथपर्यंत बोटं गेली. दिवाळीपर्यंत मी सहावीत गेले! लेक रोज संध्याकाळी प्रगतीपुस्तक तपासायची.

तोपर्यंत घरात मी सोडून बाकीच्यांना कामं करावी लागली. मी "माझ्याशिवाय पान हलत नाही" हे तक्रारीच्या सुरात पण मनातून जाम खूश होऊन सांगणारी बाई, मला नवरा चादरी वाळत घालताना बघवायचं नाही, चार घड्या तशाच ठेवून दोरीवर. तोंडावर हात ठेवून बसायचे, म्हणजे उजवा. रात्री जेवण झालं की भांड्यांकडे न बघता खाली चालायला जायचं हेही तेव्हाच सुरू झालं, बघितलं की राहवत नाही ना.

आता हात जवळजवळ पूर्ण वर जातो. वरच्या फळीवरचा पोह्यांचा डबा तेव्हा नवऱ्याने खाली आणून ठेवला होता, तो मी अजून वर ठेवलेला नाही. रविवारचे पोहे तोच करतो, मोहरी थोडी जाळतो.