ओढणाऱ्या कुत्र्यासाठी हेड कॉलर

गळ्यातला पट्टा ओढताना लॅब्रॅडॉर छातीची सगळी ताकद लावतो. हेड कॉलर म्हणजे एक पट्टी नाकावरून आणि एक पट्टा कानांमागून मानेभोवती; तिने आधी नाक वळतं, मग अंग. मानेचा पट्टा कानांच्या अगदी मागे, घट्ट. आत जेमतेम एक बोट जावं. नाकावरची पट्टी मात्र सैल, तोंड पूर्ण उघडून धापा टाकता आल्या पाहिजेत. बहुतेक जण नेमकं उलटं करतात, मग पट्टी डोळ्यांखाली घासते आणि कुत्रा पंजाने ती ओरबाडून काढतो. म्हणून हेड कॉलर छोट्या जोडपट्टीने गळ्यातल्या नेहमीच्या पट्ट्यालाही अडकवावी. पगच्या चपट्या नाकावर ती टिकतच नाही. त्याला छातीभोवतीचा पट्टा, म्हणजे हार्नेसच बरा. पहिले काही दिवस नुसता पट्टीतून खाऊ द्यावा, नाक त्याने स्वतः घालावं. हिसका मुळीच नको, मान मुरगळते. आणि हो, हे मुसकं नव्हे. चावणारा कुत्रा चावतोच.