कल्हई लावून घेताना

पितळी पातेल्यात आमटी उकळायची हौस पुण्यात पुन्हा आली आहे. तुळशीबागेतून पातेलं घरी येतं, पण आतून कल्हई, म्हणजे कथलाचा पातळ थर, आहे का, हे बघायचं राहून जातं. मग चिंच घातलेली आमटी त्यातच ठेवली की कळकते, जिभेला विचित्र लागते आणि बोल पितळेला बसतो.

वाड्याच्या चौकात 'कल्हईऽऽ' अशी हाळी यायची तेव्हा हे कुणाला शिकवावं लागत नसे. स्टेनलेस स्टील आलं, हाळी थांबली. आता कसब्यात तांबट आळीच्या आसपास चौकशी करायची आणि शक्यतो समोर उभं राहून काम करून घ्यायचं.

भांडं आधी आतून घासून लख्ख करतात. तेलकट ठिपका राहिला तर तिथे कथील धरत नाही, नंतर चट्टा दिसतो. मग भात्यावरच्या कोळशांत भांडं सांडशीने फिरवत तापवायचं. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं. कांडी टेकवली की चकचकीत रेघ उमटायला हवी. नुसता गोळा चिकटला तर भांडं अजून थंड आहे. रेघ पिवळट पडून मळली तर आच जास्त झाली.

मग चिमूटभर नवसागराची (अमोनियम क्लोराईडची) पूड. खरी करामत हिची. तापल्यावर ती पांढरा धूर सोडते आणि धातूवरचा गंजाचा पापुद्रा खाऊन टाकते. कथील चिकटतं ते अशा उघड्या धातूलाच. धूर घशाला झोंबतो, म्हणून हे काम अंगणातलं. लगेच वितळलेलं कथील कापसाच्या बोळ्याने तळापासून काठापर्यंत एका दमात फिरवायचं. हात रेंगाळला की थर कुठे जाड, कुठे पातळ. शेवटी गार पाण्यात बुडवायचं, चर्र!

कल्हई हा शब्द अरबीतून आला. त्याचं नातं मलायाकडच्या कलाह बंदराशी जोडतात, कथील तिथून यायचं. म्हणजे पेठेतल्या पातेल्याचा आतला थर गलबतातून आलेला.

एक गोष्ट मात्र बजावून सांगायला हवी. कथिलात शिसं मिसळलं की काम स्वस्तात होतं आणि शिसं जेवणात उतरतं. शुद्ध कथलाची कांडी कानाशी धरून वाकवली तर करकरते. शिसं मुकाट वाकतं आणि कागदावर ओढलं तर काळी रेघ उमटते. कांडी बघायला मागण्यात संकोच कसला?

घरी आणल्यावर भांडं रिकामं गॅसवर ठेवू नये, कल्हई वितळून ओघळते. कडकडीत तेलही त्या २३२ च्या आसपास जातं, तेव्हा फोडणी कढल्यात करून वरून ओतावी. तारेची घासणी नको, राख किंवा मऊ काथ्या पुरे. आत पिवळे ठिपके दिसू लागले की पुन्हा कल्हई. तांब्याच्या भांड्यात ते ठिपके लालसर दिसतात. पिण्याच्या पाण्याच्या तांब्याच्या हंड्याला आणि बंबाला मात्र कल्हईची गरज नाही. कुणी लावून देतो म्हणालं तरी नको म्हणावं.