म्युलूझच्या गिरणीतल्या बुगाटी

स्वित्झर्लंडमधल्या बाझलहून आगगाडीने फ्रान्समधल्या म्युलूझला पोहोचायला अर्धा तासही लागत नाही आणि स्टेशनपासून एक नंबरची ट्राम मोटार म्युझियमच्या थांब्यावर सोडते. स्ट्रासबुर्ग आणि कोलमारमध्ये मी तेच पाहिलं जे सगळे पाहतात, म्हणून त्यावर लिहीत नाही. इथल्या म्युझियमबद्दल मात्र लिहायलाच हवं, कारण आत येणारी बहुतेक माणसं सरळ बुगाटी कंपनीच्या रॉयल या अवाढव्य जुन्या मोटारीकडे धावतात, तिच्यासमोर फोटो काढतात आणि आपण कुठे उभे आहोत याकडे बघतच नाहीत.

आपण उभे असतो एका लोकरीच्या गिरणीत. एकोणिसाव्या शतकातली ही सूतगिरणी श्लुम्फ बंधूंनी, म्हणजे हान्स आणि फ्रिट्झ यांनी, 1957 मध्ये घेतली. लोकरीच्या धंद्यात दोघांनी अफाट पैसा कमावला होता आणि साठच्या दशकात फ्रिट्झने तो जुन्या मोटारींवर ओतायला सुरुवात केली. 1963 मध्ये त्याने मोल्सहाइमच्या बुगाटी कारखान्यातूनच गाड्या उचलल्या. पाठोपाठ अमेरिकेत इलिनॉयमधल्या शेक्सपियर नावाच्या संग्राहकाच्या 30 बुगाटी एकगठ्ठा घेतल्या. त्या मालगाडीच्या उघड्या वाघिणींवर चढवून निघाल्या, तो फोटो आजही जुन्या गाड्यांच्या वेडात असलेल्या प्रत्येकाने पाहिलेला असतो. गिरणीच्या आवारात दार बंद करून गाड्यांची दुरुस्ती चाले. पॅरिसच्या अलेक्झांडर तिसरा पुलावर आहेत तशा दिव्यांच्या खांबांच्या शेकडो प्रतिकृती करवून घेतल्या गेल्या. त्याच खांबांच्या रांगांमधून आज आपण फिरतो. हे सगळं गुपचूप चालू होतं. पलीकडे साच्यांवर काम करणाऱ्या माणसाला भिंतीआड काय आहे याचा पत्ता नव्हता.

सत्तरच्या दशकात युरोपातला कापडधंदा कोसळला. 1976 मध्ये श्लुम्फांच्या गिरण्यांत कपात सुरू झाली, संप झाला, आणि माल्मर्सपाख गावातल्या त्यांच्या घरात कामगारांनी दोघा भावांना वेढा घातला. पोलिसांच्या संरक्षणात ते निसटले ते थेट स्वित्झर्लंडला गेले. 7 मार्च 1977 रोजी कामगारांनी या गिरणीचा ताबा घेतला आणि दार उघडलं. आत शेकडो मोटारी, लखलखीत पॉलिश केलेल्या, एकामागे एक. पगार देता येत नाही म्हणणाऱ्या मालकाचं हे भांडार पाहून त्यांना काय वाटलं असेल, हे मुंबईच्या गिरणगावात वाढलेल्या कुणालाही समजावून सांगायची गरज नाही.

मला या म्युझियममधली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती पुढची. कामगारांनी गाड्या फोडून विकल्या नाहीत. दोन वर्षं ताबा ठेवून त्यांनी हे लोकांसाठी खुलं केलं, ‘कामगारांचा कारखाना’ म्हणून. 1978 मध्ये फ्रेंच सरकारने संपूर्ण संग्रहाला ऐतिहासिक वास्तूचा दर्जा दिला. त्यामुळे गाड्या सुट्ट्या विकता येईनात आणि देशाबाहेरही जाईनात. 1981 मध्ये 4 कोटी 40 लाख फ्रँकला संग्रह विकत घेतला गेला आणि जुलै 1982 मध्ये राष्ट्रीय मोटार म्युझियम उघडलं. त्याच वर्षाच्या जानेवारीत दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला होता. आमच्या गिरण्यांच्या जमिनींवर पुढे मॉल आणि टॉवर आले. इथे गिरणी उभी राहिली आणि मालकाचा खजिना जनतेचा झाला. हा फरक डोक्यात ठेवून फिरलं की प्रत्येक गाडी वेगळी दिसते.

आता रॉयल. तिच्यासमोरची गर्दी सहसा दुपारनंतर वाढते, म्हणून दार उघडल्याबरोबर आधी तिथेच जावं. मूळ रॉयल बनल्या फक्त 6, त्यातल्या 2 इथे आहेत: कंपनीचा संस्थापक एत्तोरे बुगाटी याची स्वतःची कूपे नेपोलियन आणि पार्क वॉर्ड या इंग्लिश कंपनीने बॉडी बांधलेली लिमोझिन. इंजिन सरळ आठ सिलिंडरचं, 12.7 लिटरचं. व्हीलबेस 4.3 मीटर, म्हणजे नुसत्या दोन आसांमधल्या अंतरात आपली एखादी हॅचबॅक आख्खी मावेल. सिलिंडर ब्लॉक आणि त्यावरचं झाकण, म्हणजे हेड, एकाच ओतकामात आहेत. त्यामुळे दोन्हींच्या मधली सीलबंद पट्टी, म्हणजे हेड गॅस्केट, नाही, म्हणजे ती फुटण्याचा प्रश्नही नाही. पण व्हॉल्व्ह ग्राइंड करायचे, म्हणजे घासून पुन्हा घट्ट बसवायचे झाले की हेड वेगळं उचलता येत नाही, तो प्रचंड ओतीव ब्लॉकच उतरवावा लागतो. त्या काळात व्हॉल्व्ह ग्राइंडिंग हे नेहमीचं काम होतं, तेव्हा हे इंजिन सांभाळणाऱ्या मेकॅनिकची कल्पना करा. रेडिएटरच्या टोपीवर मागच्या पायांवर उभा हत्ती आहे, तो एत्तोरेचा धाकटा भाऊ रेम्ब्रांट बुगाटी याच्या शिल्पावरून घेतलेला. तिसरी रॉयल दिसते ती एस्डर्स रोडस्टरची प्रतिकृती. तिला हेडलाइटच नाहीत, कारण मूळ गिऱ्हाइकाला, म्हणजे एस्डर्सला, रात्री गाडी चालवायची नव्हती.

माझ्या मते रॉयलपेक्षा जास्त वेळ बुगाटीच्याच टाइप 35 जवळ काढावा. 1924 ची ही रेसिंग गाडी. गुडघे टेकून पुढचा आस पाहा: तो पोकळ आहे, घडीव पोलादाचा, दोन्ही टोकांना बंद, आणि पानपट्ट्यांच्या स्प्रिंग्ज त्यात पाडलेल्या चौकोनी खिडक्यांतून आरपार जातात. चाकं अॅल्युमिनियमची ओतीव, आठ सपाट आऱ्यांची, आणि ब्रेकचा ड्रम चाकातच ओतलेला. दोन फायदे: ड्रमची उष्णता चाकभर पसरते, आणि चाक काढलं की ब्रेक शूज समोरच दिसतात. पहिल्याच मोठ्या शर्यतीत, लिऑनला, टायर दगा देऊन गेले. रबर नीट व्हल्कनाइज झालं नव्हतं आणि थर सुटून आले. गाडी उत्तम आणि टायर कच्चे, असा तो दिवस. पिस्टनची वर-खाली हालचाल फिरत्या गतीत बदलणारा क्रँकशाफ्ट तुकड्यांचा जोडलेला, बॉल आणि रोलर बेअरिंगवर फिरणारा. तो वेगाला उत्तम, पण शर्यतीत पिळवटला की रोलर झिजतात आणि शाफ्ट सगळा सुटा करून पुन्हा जुळवावा लागतो. बोनेटवरचे खिळे, बोल्टांतून ओवलेल्या तारा, फायरवॉलवरची गोल गोल नक्षी, हे सगळं हाताचं काम आहे.

1878 च्या जाको वाफेच्या गाडीपासून सुरू होणारी जुन्या गाड्यांची रांग अनेक जण भराभर ओलांडतात. तिथे पेट्रोलच्या गाड्यांपुढे लोंबणारी, इंजिन फिरवून सुरू करायची हँडलं बघा. अशी गाडी सुरू करताना आधी गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, आणि इग्निशनचा दांडा पूर्ण मागे. म्हणजे पिस्टन वर पोहोचून गेल्यावरच ठिणगी पडेल. हँडल खालून वर ओढायचं, वरून खाली दाबायचं नाही, आणि अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मूठ वळायची नाही. ठिणगी लवकर पडली तर पिस्टन उलटा फेकला जातो, हँडल फटकतं आणि अंगठा किंवा मनगट मोडतं. 1912 मध्ये कॅडिलॅकने विजेचा स्टार्टर दिला तेव्हा हा धोका सुटायला लागला.

रेसिंग विभागात गॉर्दिनी या फ्रेंच शर्यतीच्या गाड्यांची रांग आहे, मासेराती आहेत, मर्सिडीज आहेत. तिथे मी फार रेंगाळलो नाही. अशा गाड्या उभ्या पाहण्यात मन रमत नाही, त्या धावताना ऐकायच्या असतात.

पूर्ण सकाळ हातात ठेवा, पायात चांगले बूट घाला. वेळ उरला तर त्याच शहरातल्या रेल्वे म्युझियममध्ये बुगाटीची रेल्वेमोटार आहे. रॉयल महामंदीत अडकली, तेव्हा तयार झालेल्यांपैकी जेमतेम 3 गाड्यांना गिऱ्हाईक मिळालं; मग तीच प्रचंड इंजिनं 1933 पासून फ्रान्सच्या रुळांवर धावली, आणि बुगाटीचा कारखाना मोटारींपेक्षा रेल्वेच्या कामावर तगला. आणखी थोडा वेळ असेल तर छापील कापडांचं म्युझियमही पाहा. 1746 मध्ये इथल्या लोकांनी हिंदुस्थानी छिटाची नक्कल करायला घेतली आणि हे शहर कापडाचं झालं. श्लुम्फांची गिरणी त्याच परंपरेतली.