दोन डाउन ॲरो आणि एंटर

आधी एक सांगून टाकते, कारण हे मला कुणी वेळेवर सांगितलं असतं तर माझा जुलैमधला अख्खा आठवडा वाचला असता. विंडोजच्या लॅपटॉपवर लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम टाकायला बसण्यापूर्वी सेटिंग्जमध्ये जाऊन डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कला लागलेलं बिटलॉकरचं कुलूप, चालू आहे का ते बघा. चालू असेल तर त्याची ४८ आकड्यांची रिकव्हरी की आपल्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधून काढून मोबाइलमध्ये ठेवा. मग पुढचं वाचा.

मला जन्मापासून दिसत नाही. मराठी टायपिंग आणि ऑफिसची कामं मी विंडोजवर एनव्हीडीए हा पडदा वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर घेऊन करते आणि ते मला सोडायचं नव्हतं. पण सर्व्हरचं काम शिकायला घेतलं, आणि तिथं सगळा कारभार लिनक्सचा. आधी विंडोजच्या पोटातच व्हर्च्युअल मशीन करून बघितलं. आठ जीबी रॅममध्ये ते रांगायला लागलं, आणि दोन स्क्रीन रीडर एकदम बोलायला लागले की कोण काय म्हणतंय तेच कळेना. म्हणून ठरवलं, लॅपटॉप एकच, सिस्टिम दोन, पण एका वेळी एकच चालू.

सी ड्राइव्हमधून शंभर जीबी मोकळी करणं आणि पेन ड्राइव्ह तयार करणं एनव्हीडीएवर तासाभरात उरकलं. पेन ड्राइव्हवरून सुरू करायचा जो मेन्यू असतो, त्यात किती वेळा खाली जायचं ते सातवीतल्या भाच्याकडून संध्याकाळीच एकदा मोजून घेतलं होतं.

लिनक्सचा मी निवडलेला प्रकार म्हणजे डेबियन. त्याच्या इन्स्टॉलरबद्दल मात्र मनापासून सांगायचंय. पहिला मेन्यू आला की बीप वाजते, मग एस आणि एंटर दाबायचं, असं त्यांच्या मॅन्युअलमध्ये आहे. माझ्या लॅपटॉपात बीप काही वाजली नाही. पण काहीच न दाबता तीस सेकंद थांबलं की बोलणं आपोआप सुरू होतं. हेडफोन वायरचा लावा, ब्लूटूथच्या भरवशावर राहू नका. मशीनमध्ये एकापेक्षा जास्त साउंड कार्ड असतील तर तो एकेका कार्डावर बोलून बघतो. ज्यावर ऐकू आलं तिथं एंटर दाबायचं. मग प्रत्येक प्रश्न वाचून दाखवतो, पर्यायांना नंबर असतात, नंबर टाइप करून एंटर. डेस्कटॉप, म्हणजे पडद्याची मांडणी, मी माटे नावाची घेतली. मंगळवार पेठेतल्या आमच्या घरात सगळे झोपले होते आणि मी कुणालाही ‘जरा बघ की’ न म्हणता एक अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम टाकली. रात्री दीड वाजता लॉगिनच्या पडद्यावर ऑर्का, म्हणजे लिनक्सचा स्क्रीन रीडर, बोलायला लागला तेव्हा मला इतका आनंद झाला की उठून आईला जागं केलं.

सकाळी विंडोज उघडायचं होतं. मशीन सुरू झालं की आधी ग्रबचा, म्हणजे कुठली सिस्टिम उघडायची ते विचारणारा, मेन्यू येतो, ठरलेले काही सेकंद थांबतो आणि पहिली ओळ उघडतो. हा मेन्यू बोलत नाही. सगळीकडे सल्ला एकच की विंडोज तिसऱ्या ओळीवर असतं, म्हणून दोनदा डाउन ॲरो आणि एंटर. तसं केलं. शांतता.

डावा तळहात कीबोर्डच्या कडेला ठेवून बसले. तिथून पंख्याची गरम हवा येते, म्हणजे मशीन जिवंत होतं. दोन मिनिटं, पाच मिनिटं, एनव्हीडीए काही बोलेना. पॉवरचं बटण दाबून धरलं, बंद केलं, पुन्हा तेच. पुन्हा शांतता. तिसऱ्या वेळी माझा धीर सुटला आणि मी ॲरो, एंटर, एस्केप, जे हाताला लागेल ते दाबत सुटले. ते करू नका. पडदा कुठला आहे हे माहीत नसताना दाबलेलं एंटर काय बदलून बसेल याचा नेम नाही.

भाचा शाळेत गेला होता, दादाला सुट्टी होती, म्हणून लॅपटॉप पिशवीत घालून रिक्षानं राजारामपुरीतल्या एका दुरुस्तीच्या दुकानात गेलो. माझा राग आहे तो इथला. लॅपटॉप माझा, पासवर्ड माझा, प्रश्न मी विचारतेय, आणि काउंटरवरचे गृहस्थ उत्तर दादाला देत होते. “यांना दोन-दोन सिस्टिम कशाला? लिनक्स काढून टाकतो, साधं सोपं करून देतो.” मी म्हटलं, “काढायचं काहीच नाही. फक्त चालू करून पडद्यावर काय दिसतंय तेवढं वाचून सांगा.” दोन मिनिटांचं काम होतं. त्यांनी लॅपटॉप ठेवून घेतला. दुसऱ्या दिवशी फोन केला तर “बघतो”. तिसऱ्या दिवशी “उद्या या”. बाहेर पावसानं झोडपून काढलेलं, भिजत गेलो तर “मुलगा आला नाही आज”. चार दिवस माझं काम बंद, ऑफिसला काय सांगायचं ते सुचेना. पाचव्या दिवशी लॅपटॉप हातात देऊन पाचशे रुपये घेतले आणि दादाला सांगितलं, “सिक्युअर बूट बंद केलंय, विंडोज पहिलं लावलंय. आता चालेल.” चालू करून दाखवलं नाही.

सिक्युअर बूट, म्हणजे अनोळखी सिस्टिम सुरू होऊ न देणारी सोय, बंद करायची गरजच नव्हती. डेबियन १० पासून, म्हणजे २०१९ पासून, ते चालू ठेवूनच डेबियन चालतं. उलट ते बंद केल्यामुळं विंडोजला वाटलं कुणीतरी मशीनशी छेडछाड केली.

घरी आल्यावर बटण दाबलं, पुन्हा शांतता. या वेळी भाचा शेजारी होता. “आत्ती, सगळं निळं आलंय बघ. बिटलॉकर रिकव्हरी असं लिहिलंय. नंबर टाका म्हणतोय.”

पडद्यावर काय आहे ते सांगणारं असं एकच वाक्य मला पाच दिवस आधी हवं होतं.

कानात मोबाइलचा स्क्रीन रीडर, टॉकबॅक, लावला, अकाउंटमधून ती की उघडली. सहा-सहा आकड्यांचे आठ गट. एक गट ऐकायचा, टाइप करायचा, भाच्यानं पडद्यावरचा मोठ्यानं वाचायचा, जुळला की पुढचा. पाचव्या गटात माझा एक आकडा चुकला तर तिथंच अडवलं, पुढं जाऊ देईना. आठवा गट संपला, एंटर दाबलं आणि थोड्या वेळानं एनव्हीडीएचा ओळखीचा सूर वाजला. भाच्यानं टाळ्या वाजवल्या. मी रडले, खोटं कशाला सांगू.

मग त्याला ग्रबचा मेन्यूही वाचायला लावला. डेबियन, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज. तीनच ओळी. विंडोज यादीत नव्हतंच! दोनदा डाउन ॲरो करून मी दरवेळी थेट बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये, जात होते, आणि बायोस मुका. कारण शोधलं तर असं निघालं की २०२१ मध्ये आलेल्या ग्रब २.०६ पासून शेजारच्या सिस्टिम शोधणारा ओएस-प्रोबर मुळातच बंद ठेवलेला असतो, आणि माझ्याकडेही तो बंद होता. इटीसी फोल्डरमध्ये डिफॉल्ट, त्यात ग्रब नावाची फाइल, तिच्यात ‘डिसेबल ओएस-प्रोबर’ची ओळ फॉल्स करायची आणि अपडेट-ग्रब चालवायचं. विंडोज यादीत आलं.

तरीही ओळी मोजत बसणं मला मान्य नव्हतं. एखाद्या अपडेटनं एक ओळ वाढली की पुन्हा तेच. ग्रबला सुरुवातीला सूर वाजवायला सांगता येतं, पण त्याला लागतो बीपचाच स्पीकर. आता मी ग्रबच्या वाटेला जातच नाही. डेबियन बोलत असतानाच, बंद करण्याआधी, टर्मिनलमध्ये ‘ईएफआय-बूट-एमजीआर’ ही कमांड चालवायची (नाव सलग, मध्ये डॅश नाही). ती सगळ्या सिस्टिमची यादी चार आकडी नंबरांसह वाचून दाखवते. मग सुडो (म्हणजे ॲडमिनचे अधिकार) लावून तीच कमांड, पुढं डॅश एन आणि विंडोजचा नंबर, आणि रीस्टार्ट. मशीन फक्त त्या एका वेळेपुरतं सरळ विंडोजमध्ये जातं. यात आणखी एक फायदा आहे. ग्रबमधून विंडोजमध्ये शिरलं तर बिटलॉकर कधीकधी पुन्हा की मागतो. असं सरळ गेलं की माझ्याकडे अजून एकदाही मागितलेली नाही. क्रमात डेबियन पहिला ठेवला (डॅश ओ), त्यामुळं विंडोजमधून नुसतं रीस्टार्ट केलं की मी परत डेबियनमध्ये. विंडोजचं अपडेट अर्ध्यात रीस्टार्ट झालं तरी डेबियन उघडतो, तेव्हा घाबरायचं नाही, पुन्हा डॅश एन करून पाठवायचं. सिक्युअर बूट नंतर भाच्याला बसवून परत चालू केलं. तेव्हाही की मागितली, पण आता आकडे तयार होते.

विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा, हे खरं तर आधीच सांगायला हवं होतं. नाहीतर विंडोज पूर्ण बंद होत नाही आणि डेबियनमधून तिकडच्या फाइल्स फक्त वाचता येतात, सेव्ह होत नाहीत. विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागं पडेल, कारण लिनक्स मशीनमध्ये जागतिक वेळ ठेवतं आणि विंडोज ती इथलीच समजतं. ‘टाइम-डेट-सीटीएल’ ही कमांड (हेही नाव सलग) वापरून डेबियनला स्थानिक वेळ ठेवायला सांगा. आणि दोन्हीकडे आवाज वेगळे लावा. माझ्याकडे डेबियनला ई-स्पीकचा यांत्रिक आवाज आणि विंडोजला बाईचा आवाज आहे, त्यामुळं पहिल्या शब्दालाच कळतं कुठं आलोय ते.

ते ४८ आकडे मी ब्रेल पाटीवर जाड कागदात टोचून ठेवलेत. आठ ओळी, दर ओळीत सहा आकडे. कागद कपाटात, लॅपटॉपच्या पिशवीत नाही.